घाट चढलेले घोडे, घाट उतरलेलं पाणी

बारामती-इंदापूरकडं दिवाळीची सुट्टी लागली की गाड्या पश्चिमेला धावतात. पुणे, मुळशी, ताम्हिणी आणि खाली कोकण. आपल्या नद्यांची वाट मात्र बरोबर उलटी. बारामतीची कऱ्हा सोनगावला नीरेत जाते. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला, भीमेला भेटते. भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर असताना आपलं पाणी अख्खं द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्याच समुद्रात पोचतं.

म्हणून रेवदंड्याच्या तटाजवळ उभ्या असलेल्या इंदापूरकराला कोणी म्हणालं, की समोरच्या खाडीतलं थोडं पाणी खरं तर उजनीत यायचं होतं, तर तो हसेल. पण बोलणारा थट्टा करत नसतो.

आधी गावाबद्दल. रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेला सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. आमच्याकडच्या कित्येक घरांना हे नाव ठाऊक असतं ते धर्माधिकारींचं गाव, श्रीबैठकीचं गाव म्हणून. पण रेवदंडा किल्ल्यातलं गाव आहे, हे तिथं गेल्यावरच कळतं. डांबरी रस्ता काळ्या दगडी तटाला पाडलेल्या खिंडीतून सरळ आत शिरतो आणि आत चक्क संसार चाललेला असतो: नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, दारात वाळत घातलेली सुपारी, शाळेतून सुटलेली पोरं. एखाद्या वाडीच्या मागं झाडोऱ्यातून एकदम उंच पडकी भिंत वर येते. ती पोर्तुगीजांच्या चर्चची असते. सातखणीचा मनोराही मुळात फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा. नावात सात मजले असले तरी आज तेवढे शिल्लक नाहीत. पायथ्याला तोफा पडून आहेत, आणि जरा पुढं वाडी संपते तिथं काळसर वाळूचा किनारा सुरू होतो. गावात बेने इस्रायली समाजाचं जुनं प्रार्थनालयही आहे. एवढ्याशा गावात इतके देव कुठून आले, याचं उत्तर बंदरात आहे.

शेजारचं चौल आणि रेवदंडा मिळून हे बंदर दोन हजार वर्षांचं. टॉलेमीच्या भूगोलात ते सिमुल्ला नावानं येतं. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी इथं येऊन गेला, त्यानं त्याला सैमूर म्हटलं. एवढं जुनं बंदर इथंच का वसलं? कुंडलिका नदी इथं समुद्राला मिळते, मुखाशी कोरलईचा डोंगर आडवा येऊन लाटा अडवतो आणि आत गलबतांना निवारा मिळतो. पण निवाऱ्याच्या जागा कोकणात पुष्कळ आहेत. चौलचं खरं भांडवल पाठीमागं होतं, घाटावर. जुन्नर, पैठण, अहमदनगर, बीदर ही सगळी मोठी गिऱ्हाइकं सह्याद्रीच्या वर बसलेली होती. चौल हे देशावरच्या माणसांनी समुद्राला पाडलेलं दार होतं असं माझं मत आहे. बारामतीकरानं तिथं पाहुण्यासारखं वावरायचं काही कारण नाही.

या दारातून वर काय काय गेलं, त्यात मला सर्वांत मोहात पाडतात ते घोडे. दख्खनच्या सुलतानांना फौजेसाठी सतत घोडे लागत आणि इथली हवा, इथला चारा मोठ्या लढाऊ घोड्यांच्या पैदाशीला मानवत नसे. त्यामुळं अरबस्तान आणि इराणातून जहाजं भरभरून घोडे येत. अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी १४७० च्या आसपास होर्मूझहून निघून चौलला उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर एक घोडा होता. दख्खनमध्ये घोड्याला भाव चांगला येतो असं त्यानं ऐकलं होतं. तो घोडा घेऊन पालीमार्गे घाट चढून जुन्नरला पोचायला त्याला तीन आठवड्यांच्या वर लागले. पोचला तो ऐन पावसाळ्यात. आणि तिथल्या खानानं घोडाच काढून घेतला! धर्म बदल, मग घोडा देतो, अशी अट. मध्यस्थी होऊन घोडा परत मिळाला आणि गडी पुढं बीदरला गेला. वास्को द गामा कालिकतला पोचायच्या पंचवीसेक वर्षं आधीची ही गोष्ट. रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात या निकितीनचं स्मारक आहे. पोरांना ते जरूर दाखवावं. घोडा हरवलेल्या माणसाची गोष्ट त्यांच्या लक्षात राहते, सनावळी राहत नाही.

पोर्तुगीज आले आणि त्यांनी १५१५ मध्ये होर्मूझ ताब्यात घेतलं. म्हणजे घोड्यांच्या वाटेचं एक टोक त्यांच्या मुठीत आलं. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं त्यांना चौलला किल्लेवजा वखार बांधायला परवानगी दिली, त्यामागं घोडे आपल्या बंदरात उतरावेत हा हिशोब होता. पन्नास वर्षांनी हिशोब फिरला. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाची प्रचंड फौज घाट उतरून रेवदंड्याला वेढा घालून बसली. गावाला तेव्हा धड तट नव्हता, पोर्तुगीजांनी घाईघाईनं खंदक आणि आडोसे उभे केले. तरी १५७१ चा पावसाळा लागला आणि गाव काही पडलं नाही, शेवटी तह झाला. मोठी फौज हरली ती साध्या कारणानं. जमिनीकडच्या बाजू बंद करता येतात, पण समुद्राची बाजू बंद करायला आरमार लागतं. ते निजामशहाकडं नव्हतं, आणि गोव्याहून दाणागोटा, माणसं, दारू गलबतांनी येत राहिली. आज आपण ज्या तटाच्या कडेनं चालतो, त्यातला बराचसा या धड्यानंतर वाढत गेलेला आहे. पुढं १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजेनंही चौलला वेढा दिला. तट टिकला. मग १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी वसई घेतली आणि त्यानंतरच्या वाटाघाटींत, १७४० मध्ये, चौल आणि कोरलई मराठ्यांकडं आले. दोन शतकं जपलेलं गाव अखेर कागदावर हातचं गेलं.

घोड्यांचं पुढं काय झालं? ते वर आले आणि इथल्या लहान, काटक तट्टांत त्यांचं रक्त मिसळत गेलं. भीमेच्या काठावर त्यातून जी जात तयार झाली ती भीमथडी. बारामती पूर्वी भीमथडी तालुक्यातच मोडायची. या तट्टांवर बसून मराठ्यांनी काय केलं ते राज्यगीतातही आलं आहे, मी वेगळं सांगायला नको. बरीच वर्षं ही जात संपली असं समजलं जाई. प्रत्यक्षात ती धनगरांच्या वाड्यांवर होती. लढाई गेली आणि घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड आलं: घोंगड्या, भांडी, करडं, कोंबड्या, कधी एखादं लेकरू. अलीकडंच भीमथडीला देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली.

आता गंमत बघा. पावसाळा संपला की आपल्या भागातले मेंढपाळ चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन घाट उतरतात. कोकणातली भातं निघालेली असतात, शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात. ज्यांचे पूर्वज जहाजातून उतरून घाट चढले, ती तट्टं पाठीवर संसार घेऊन दर साली पुन्हा समुद्राकडं उतरतात. ताम्हिणीत दिवाळीनंतर असा तांडा गाडीला आडवा आला तर हॉर्न वाजवू नका. काच खाली करून नीट बघा. त्यातला घोडा हा पाचशे वर्षांच्या व्यापाराचा वारस असू शकतो.

हे झालं वर आलेल्याचं. खाली गेलेल्याचं नवल त्याहून मोठं आहे.

सह्याद्री म्हणजे एका लांबलचक घराचं आढं समजा. पश्चिमेचं पाखं तुटकं आणि उभं, पूर्वेचं हजारभर किलोमीटर लांब आणि जेमतेम उतरतं. मुळशीपासून समुद्र साठेक किलोमीटर, पण मुळशीत पडलेला थेंब आढ्याच्या पूर्वेला पडला म्हणून तो मुळेतून पुण्याला, मुठेला घेऊन भीमेला, भीमेतून उजनीला आणि पुढं बंगालच्या उपसागराला जायचा. आणि थेंबही थोडेथोडके नाहीत. बारामती-इंदापुरात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आलं तर. ताम्हिणीच्या माथ्यावर ६,००० मिलिमीटरच्या पुढं. मधलं अंतर मोटारीनं एका सकाळचं.

टाटांच्या अभियंत्यांनी शंभर वर्षांपूर्वी हे आढं बघितलं आणि त्यांच्या मनात आलं, की थेंब पलीकडच्या पाख्यावर सोडला तर? लोणावळ्याचं पाणी खाली टाकून १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. मग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. भिऱ्यासाठी मुळेवर मुळशीचं धरण बांधलं. धरणाचं पाणी मुळेच्या पात्रात सोडायच्या ऐवजी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेच्या कड्यापर्यंत नेलं आणि तिथून पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणलं. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी नळाच्या तोंडातून सुटतं तेव्हा हिशोबानं त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर होतो. ती धार चाकाच्या वाट्यांवर बसते आणि चाक फिरतं. एक हजार लिटर पाण्यामागं साधारण सव्वा युनिट वीज. आपल्या भाषेत सांगायचं तर पाच एचपीची मोटार वीस मिनिटं चालेल इतकी.

काम झालेलं पाणी भिऱ्याहून बाहेर पडतं ते कुंडलिकेत. कुंडलिका कोलाडवरून, रोह्यावरून वाहत येते आणि रेवदंडा व कोरलई यांच्यामधून समुद्रात शिरते. म्हणजे ताम्हिणी उतरून, विळ्याहून कोलाड, तिथून रोहा, चणेरा, साळाव आणि पूल ओलांडून रेवदंडा अशी वाट धरलीत, तर तुम्ही मुळशीपासून थेट त्या पाण्याच्या मागोमागच चाललेले असता.

कोलाडला थांबलात तर पुरावा समोर दिसतो. एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या नद्या दगडगोट्यांच्या होतात, कुंडलिका मात्र सकाळी फुगते. राफ्टिंगवाले त्या पाण्याची वाट बघत बसलेले असतात. पाणी सुटलं की रबरी होड्या निघतात आणि दुपारनंतर नदी पुन्हा ओसरते. पाणी कधी सुटणार हे ठरतं विजेच्या गरजेवर. उन्हाळ्यात मुंबईला वीज हवी म्हणून भिऱ्याची चाकं फिरतात आणि त्या फिरण्यातून कोलाडच्या नदीला पूर येतो. भिऱ्याला एक उलटं यंत्रही आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा ते खालचं पाणी पुन्हा वर मुळशीत चढवतं, गरज पडली की परत खाली सोडतं. काही थेंब असे वर-खाली हेलपाटे घालतात आणि मगच समुद्राला जातात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं.

एक खुलासा मात्र करायला हवा. भिऱ्याला सुटलेलं सगळं पाणी रेवदंड्याला पोचत नाही. कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे, तिथून कालवे निघतात, शेतं भिजतात, रोह्याचे कारखाने चालतात. उरलेलं खाडीत येतं. किती, ते ऋतूवर.

या नवलाची किंमत मावळातल्या माणसांनी मोजली. मुळशीच्या पाण्याखाली गावं आणि भाताची खाचरं जाणार हे कळल्यावर १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात पुढं होते. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यामुळं. १९२४ पर्यंत हा झगडा चालला आणि धरण झालंच. जगात धरणाविरुद्ध झालेल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत तो मोजला जातो. जलाशयाच्या काठच्या हॉटेलात भजी खाताना समोरच्या पाण्याखाली काय आहे ते मुलांना सांगावं असं मला वाटतं. इंदापूरच्या मुलांना ते पटकन कळेल. उजनीच्या पाण्याखाली पळसदेव गेलं, त्याचं जुनं देऊळ पाणी उतरलं की उघडं पडतं, हे त्यांनी घराजवळच बघितलेलं असतं.

आणि हो, हे पाणी आपल्याला परत मिळावं ही मागणी काही नवी नाही. भीमेच्या खोऱ्यातून टाटांच्या धरणांवाटे पश्चिमेला जाणारं पाणी वर्षाला सरासरी चाळीस टीएमसीच्या वर धरलं जातं. कृष्णा पाणी तंटा लवादानं, म्हणजे बच्छावत आयोगानं, त्याला मर्यादा घालून मान्यता दिली. उजनीचा उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या थोडा वर. आकडे शेजारी ठेवले की इंदापूरच्या ऊसवाल्याच्या पोटात कालवतं हे खरं. पण कोलाडच्या पुलावर उभं राहून खालचा हिरवागार भात बघितला की तंटा वाटतो तितका सोपा राहत नाही. सुट्टीत हा वाद गाडीत काढू नका, ड्रायव्हर बाजू घेतो.

आमच्याकडच्या एका आजींना साळावच्या पुलावर ही सगळी हकिगत नातवानं सांगितली. त्या काही वेळ पाण्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजी आपलंच पाणी हितं आलंय. मग ते खारट कसं?” प्रश्न अगदी नेमका आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळं ते नदीच्या पाण्यापेक्षा जड. खाडीच्या मुखाशी दोन्ही भेटतात तेव्हा गोडं पाणी वरून बाहेर सरकतं आणि खारं पाणी तळानं आत घुसतं. भरतीला समुद्राचा जोर, ओहोटीला नदीचा. पावसाळ्यात मचूळ, वैशाखात खारट. एकाच जागी, एकाच दिवसात चव बदलते. कोळ्यांची जाळी लावायची वेळ ठरते ती यावरूनच.

पुलापलीकडं कोरलई आहे, तिथं जायला विसरू नका. डोंगराच्या सोंडेवर किल्ला, खाली दीपगृह, आणि पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत आजही बोलली जाणारी पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले, पण ज्यांची घरंदारं इथलीच ती माणसं राहिली, आणि चारही बाजूंनी मराठी असताना त्यांनी घरातली बोली पावणेतीनशे वर्षं टिकवली. जगात ती फक्त याच गावाची. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. किल्ल्याच्या माथ्यावरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि पलीकडं माडांत बुडालेला रेवदंड्याचा तट असं सगळं एका नजरेत येतं. हा डोंगर ज्या बेसॉल्टचा, त्याच्याच थरांवर इंदापूर वसलेलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तिथून इथपर्यंत पसरला. विहीर खणताना आपल्याकडं सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण इथं लाटा खात असतो.

खाण्याचं फार सांगत नाही. तांदळाची भाकरी आणि ताजी मच्छी आहेच. हिवाळ्यात गेलात तर पोपटी मिळवा. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी असं मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करून, मडकं उलटं ठेवून वर जाळ करतात. हुरड्याच्या माणसांना शेकोटीभोवती बसायचं शिकवावं लागत नाही.

जाण्याचा दिवस ठरवताना मात्र कॅलेंडरातल्या सुट्टीबरोबर तिथीही बघा. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा ढोबळ हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आधी थोडी. पुढची भरती साडेबारा तासांच्या आत आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. तटाच्या समुद्राकडच्या अंगानं पायी चालायचं तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायलाही हाच हिशोब. भाऊबीज आटोपून निघालात आणि तिथं पंचमी लागली, तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे भरती दुपारी पावणेचारला आणि ओहोटी सकाळी साडेनऊला. तेव्हा आठच्या सुमारास नाश्ता उरकून तटाखाली उतरा, अकरापर्यंत वेळ आहे.